गोडंबी : बिब्ब्याच्या पोटातला गोड दाणा

थंडी पडली की साताऱ्याच्या आणि सांगलीच्या बाजारात किराणा दुकानांबाहेर डिंक, खारीक, खोबरे, मेथ्या, अळीव यांची पोती उघडी दिसू लागतात. त्यांच्याच शेजारी एखाद्या बरणीत फिकट, चपटे, चारोळीपेक्षा मोठे आणि काजूपेक्षा बरेच लहान दाणे असतात. दुकानदाराला विचारले तर तो म्हणेल, "गोडंबी. डिंकाच्या लाडवात घाला." बाळंतिणीच्या लाडवात गोडंबी हवीच, असे मानणारी घरे आपल्याकडे अजून पुष्कळ आहेत. पण गोडंबी कशाची असते, असे विचारले की बहुतेकांना सांगता येत नाही. गोडंबी म्हणजे बिब्ब्याच्या आतला दाणा, असे सांगितले की समोरच्या माणसाचा चेहरा बदलतो. "अहो डॉक्टर, बिब्बा तर उततो ना? मग त्यातले खायचे कसे?"

प्रश्न बरोबर आहे. बिब्बा उततो हे खरे, आणि गोडंबी खातात हेही खरे. एकाच फळात, एका करंगळीच्या जाडीहून कमी अंतरावर, त्वचा जाळणारा रस आणि खाण्याजोगा दाणा शेजारी शेजारी असतात. या दोघांची गल्लत माणसाने फार जुन्या काळापासून केली आहे. तिचा इतिहास मजेशीर आहे, आणि आजही माझ्यासारख्या डॉक्टरला दवाखान्यात उपयोगी पडतो, म्हणून हा लेख.

आधी झाडाची ओळख करून घेऊ. बिब्बा हे सह्याद्रीच्या कोरड्या उतारांवरच्या आणि देशावरच्या पानझडी जंगलांतले मध्यम उंचीचे झाड. पाने मोठी, टोकाला गोलसर, खालून फिकट. हिवाळ्यात फळे पिकतात तेव्हा ती पाहण्यासारखी असतात. वर नारिंगी, मांसल, गोडसर तुरट देठ आणि त्याच्या टोकाला बसवल्यासारखे काळे, चकचकीत, जरा वाकडे बी. काजूचे बोंड आणि त्याखालची बी आठवा, रचना तीच. बिब्बा, काजू, आंबा, पिस्ता आणि चारोळी ही सगळी एकाच कुळातली भावंडे आहेत. नारिंगी देठ वाळवून खातात. काळ्या बीचे कवच मात्र साधे नाही. बाहेरचा आणि आतला असे दोन थर, आणि मध्ये मधाच्या पोळ्यासारख्या पोकळ्या. त्या पोकळ्यांत दाट रस भरलेला असतो. तो हवेत आला की काळा पडतो. आपण ज्याला बिब्ब्याचे तेल म्हणतो ते हेच. या सगळ्याच्या आत, पातळ सालीत गुंडाळलेली, गोडंबी.

मी ती पहिल्यांदा नुसती, लाडवाशिवाय, खाऊन पाहिली ती उत्सुकतेपोटी. लाडवात तिची चव कळतच नाही, गूळ आणि तूप सगळ्यांवर मात करतात. नुसती चावली तर आधी काजूसारखी मऊ, मग चारोळीसारखी तेलकट आणि शेवटी घशाशी अगदी किंचित ऊब. ती ऊब खरोखरची होती की "हा बिब्बा आहे" हे माहीत असल्यामुळे वाटली, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. दाणा पौष्टिक आहे यात शंका नाही. ढोबळमानाने त्यात चौथा हिस्सा प्रथिने आणि तिसऱ्या हिश्शाहून अधिक स्निग्धांश असतो, म्हणजे बदाम-काजूच्या पंगतीत बसेल असा. बाळंतिणीला, मेहनतीच्या माणसाला, थंडीत असा खुराक द्यावा असे जुन्या बायकांना वाटले ते उगाच नव्हे. पण "गोडंबी उष्ण, म्हणून कंबर भरून येते, सांधे सुटतात" असे जे सांगितले जाते त्याला आधुनिक वैद्यकात भक्कम पुरावा नाही. चांगला सुकामेवा, एवढे म्हणणे पुरेसे आहे.

हा दाणा बाहेर काढणे हे फार कष्टाचे काम. विदर्भात आणि मराठवाड्यात काही भागांत बायका घरबसल्या बिब्बे फोडतात. दगडावर ठेवून ठेचायचे, कवच उडते, रस शिंतोडतो. हाताला राख किंवा तेल चोपडून काम करतात, तरी बोटे काळी पडतात, सालपटे निघतात, चेहऱ्यावर फोड येतात. गोडंबी महाग का, हे त्यांचे हात पाहिले की विचारावे लागत नाही. मजुरी मात्र त्या महागाईच्या मानाने काहीच नसते.

आता इतिहासाकडे वळू. संस्कृतात बिब्ब्याला भल्लातक म्हणतात. चरकसंहितेत रसायन प्रकरणात, म्हणजे आयुष्य आणि बळ वाढवणाऱ्या औषधांच्या प्रकरणात, भल्लातकाचे अनेक प्रयोग आहेत. सुश्रुताने तो मूळव्याधीसाठी सांगितला, वाग्भटानेही घेतला. वाचताना एक गोष्ट डॉक्टरच्या नजरेला लगेच दिसते. या आचार्यांना बिब्ब्याची धास्ती होती. औषध पिण्याआधी तोंडाला आतून तूप लावा, मात्रा एकदम नको, हळूहळू वाढवा आणि तशीच उतरवा, ऊन आणि उष्ण पदार्थ टाळा, अशा सूचना आहेत. पुढच्या काळात बिब्बा विटेच्या चुऱ्यात चोळून त्याचा रस काढून टाकण्याची शुद्धीची पद्धत रूढ झाली. आज भारताच्या औषध नियमांत आयुर्वेदातल्या विषारी द्रव्यांची जी यादी आहे (अनुसूची ई-१), तिच्यात अफू, धोत्रा, बचनाग, कुचला यांच्या रांगेत भल्लातक आहे. "आयुर्वेदात सांगितले आहे म्हणजे निर्धोक" असे म्हणणाऱ्यांनी ही यादी जरूर पाहावी. आयुर्वेदाने तरी तसे कुठे म्हटले आहे?

भारतातून बिब्बा व्यापाऱ्यांबरोबर पश्चिमेला गेला. अरबीत तो बलाधुर झाला. तिथल्या वैद्यांनी त्याला एक नवीन काम दिले, स्मरणशक्ती वाढवण्याचे. थंड आणि ओलसर मेंदूत आठवणी टिकत नाहीत, उष्ण आणि कोरड्या औषधाने तो सुधारतो, असा त्यांचा हिशेब होता. बिब्ब्याइतके उष्ण दुसरे काय मिळणार! नवव्या शतकात बगदादमध्ये एक मोठा इतिहासकार होऊन गेला. अरबांनी जिंकलेल्या देशांचा इतिहास त्याने लिहिला. त्याला जग अल्-बलाधुरी या नावाने ओळखते, म्हणजे शब्दशः "बिब्बेवाला". जुने चरित्रकार सांगतात की त्याने (काहींच्या मते त्याच्या आजोबांनी) बलाधुरचा रस घेतला आणि त्याला वेड लागले, त्यातच शेवट झाला. गोष्ट जशीच्या तशी खरी मानायची की नाही हा इतिहासकारांचा प्रश्न, पण त्या काळच्या लोकांना हे औषध अंगावर उलटू शकते हे ठाऊक होते, एवढे त्यावरून नक्की दिसते. मध्ययुगातल्या ज्यू विद्यार्थ्यांमध्ये तर एक म्हणच होती, तिचा आशय असा : उजळणी करा, पुन्हा उजळणी करा, म्हणजे बलाधुरची गरज पडणार नाही. परीक्षेच्या आधी "स्मरणशक्तीचे सिरप लिहून द्या" म्हणून येणाऱ्या पालकांना मी हेच सांगतो, फक्त इतक्या छान शब्दांत नाही.

तिथून हे औषध युरोपात पोचले. बी हृदयाच्या आकाराची, म्हणून तिथल्या औषधविक्यांनी तिला ग्रीक शब्दावरून अनाकार्डियम म्हटले. कार्डिओग्राममधला कार्डिओ हाच. स्मरणशक्तीसाठी बिब्ब्याचा पाक निघाला, विद्वानांचा पाक म्हणून तो खपला. पुढे काही वैद्यांनी त्यालाच मूर्खांचा पाक म्हणायला सुरुवात केली, कारण घेणाऱ्यांची बुद्धी वाढण्याऐवजी बिघडलेली त्यांना दिसली.

सोळाव्या शतकात पोर्तुगीज डॉक्टर गार्सिया द ओर्ता १५३४ मध्ये गोव्यात आला. भारतातल्या औषधींवरचे त्याचे संवादरूपी पुस्तक १५६३ मध्ये गोव्यातच छापले गेले. त्यात बिब्ब्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. अरब याला बलाधुर म्हणतात आणि इथले लोक "बिबो" म्हणतात, अशी त्याने नोंद केली आहे. म्हणजे आपला शब्द साडेचारशे वर्षांत जवळजवळ बदललाच नाही. कोवळ्या फळांचे मिठात लोणचे घालून बाजारात विकतात, जसे आमच्याकडे ऑलिव्ह, असेही तो सांगतो.

याच पोर्तुगिजांनी ब्राझीलमधून काजू आणला. त्याचे फळ बिब्ब्यासारखे, कवचात तसाच जाळणारा रस, आत तसाच गोड दाणा. १७५३ मध्ये लिनियसने वनस्पतींना शास्त्रीय नावे दिली तेव्हा काजूला अनाकार्डियम ऑक्सिडेंटाले, म्हणजे "पश्चिमेकडचा बिब्बा", असे नाव पडले. बिब्ब्याचे जुने नाव काजूकडे गेले. मग बिब्ब्याला काय म्हणायचे? लिनियसच्या मुलाने १७८२ मध्ये त्याला सेमेकार्पस हे नाव दिले. अर्थ, खुणेचे फळ. कारण तोपर्यंत युरोपियन लोकांना बिब्बा औषध म्हणून नव्हे, तर धोब्याची शाई म्हणून जास्त ठाऊक झाला होता.

धोबी कपड्यांवर खूण करायला बिब्ब्याचा रस चुन्याबरोबर वापरत. ती काळी खूण भट्टीतही जात नाही. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर, कमरेवर विचित्र खाजरे चट्टे उठू लागले. लष्करी डॉक्टरांनी शोध घेतला तेव्हा चट्टा नेमका तिथेच असायचा जिथे कपड्याच्या आतून धोब्याची खूण होती. १९४३ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात त्याचे वर्णन "धोबी-खुणेचा त्वचादाह" या नावाने आले. (जांघेतल्या गजकर्णाला इंग्रज लोक धोबी इच म्हणत. तो बुरशीचा आजार, हा वेगळा. दोन्हींत धोब्याचे नाव मात्र फुकट खराब झाले.)

हे असे का होते? बिब्ब्याच्या रसातली द्रव्ये त्वचेत शिरतात आणि तिथल्या प्रथिनांना चिकटतात. शरीराच्या संरक्षक पेशींना ही प्रथिने परकी वाटतात. पहिल्या वेळी त्या फक्त ओळख पटवून घेतात, त्याला आठवडा-दोन आठवडे लागतात. पुढच्या वेळी रस लागला की एक ते तीन दिवसांत खाज, लाली, पाण्याचे फोड. म्हणून "मागच्या वेळी लावला तेव्हा काही झाले नव्हते" हे वाक्य बिब्ब्याच्या बाबतीत दिलासा देणारे नाही, उलटच आहे. शिवाय रस दाट लागला तर ॲलर्जी नसतानाही थेट भाजल्यासारखी जखम होते. अमेरिकेतल्या पॉयझन आयव्ही या वेलीत आणि जपानी लाखेत याच घराण्यातली द्रव्ये आहेत. आंब्याच्या चिकाने ज्यांचे ओठ फुलतात त्यांना बिब्बाही बाधण्याची शक्यता जास्त.

या गुणाचा लोकांनी आणखी एक उपयोग केला, तो मात्र कोर्टात. मारहाणीची खोटी तक्रार करायची तर अंगावर बिब्बा लावायचा, वळ उठल्यासारखा काळा-लाल डाग दिसतो. भारतात एमबीबीएस करणारा प्रत्येक विद्यार्थी हे मोदींच्या न्यायवैद्यकाच्या पुस्तकात वाचतो, १९२० पासून त्या पुस्तकाच्या आवृत्त्या निघत आहेत. खऱ्या वळाचा रंग दिवसागणिक निळा, हिरवा, पिवळा असा बदलत जातो. बिब्ब्याचा डाग काळपट असतो, कडेला बारीक फोड असतात, खाज असते, आणि खाजवल्यामुळे बोटांच्या टोकांवरही तसेच फोड सापडतात. बोटे पाहायची, हे सूत्र आम्हाला पाठ असते. मराठीत एखाद्याच्या कामात बिब्बा घालणे म्हणतात, ते या फळाचा स्वभाव ओळखूनच.

आता आपल्या भागाविषयी, कारण माझी खरी काळजी इथे आहे. सातारा-सांगलीत हिवाळा म्हणजे उसाचा हंगाम. तोडणीच्या फडात पायाला खुंट लागतो, काटा रुततो, टाचा फुटतात. माण, खटाव, आटपाडी, जतच्या बाजूला बाभळीच्या काट्यांना तोटा नाही. अशा वेळी बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरायचा आणि टपकणारे गरम तेल जखमेत सोडायचे, हा जुना उपाय. जेव्हा पाच कोसांवर डॉक्टर नव्हता तेव्हा त्याला काही अर्थ होता. रसाने जखम वरून बंद व्हायची, आणि दुखणे एका मोठ्या आगीत विसरले जायचे. पण काटा आतच राहतो, धनुर्वाताचा धोका तसाच राहतो, आणि वर भाजल्याची जखम वाढते. यापेक्षा गंभीर गोष्ट मधुमेहाची. मधुमेहाने पायाची संवेदना गेलेल्या माणसाला गरम बिब्ब्याचा चटका कळत नाही. तो म्हणतो, "डॉक्टर, बिब्बा चांगला बसला, काहीच आग झाली नाही." आग झाली नाही हीच धोक्याची खूण. आठ दिवसांनी पाय सुजून येतो तेव्हा वरचे काळे कवच काढल्यावर खाली पू असतो. यातले काही पाय, निदान बोटे तरी, गमवावी लागतात. घरात कोणाला मधुमेह असेल तर बिब्बा घराबाहेरच ठेवा, ही विनंती मी जेवढ्या जोराने करता येईल तेवढ्या जोराने करतो.

दुसरा प्रकार पोटात घेण्याचा. खोकल्यासाठी, सांध्यांसाठी, अलीकडे कॅन्सरसाठीही बिब्ब्याचे थेंब दुधातून घ्या, असे संदेश मोबाईलवर फिरतात. प्रयोगशाळेत काचेच्या ताटलीतल्या पेशींवर बिब्ब्याचे परिणाम दिसले आहेत, ते खरे. ताटलीतल्या पेशींना मूत्रपिंड नसते. माणसाला असते, आणि बिब्ब्याच्या रसाच्या संपर्कानंतर मूत्रपिंडाचा बाहेरचा थर मृत झाल्याची नोंद १९७९ पासून वैद्यकीय साहित्यात आहे. तोंड येणे, पोटात आग, शौचाच्या जागी फोड, लघवी कमी होणे, अंगावर सूज, असे काही दिसले तर घरी थांबू नका, आणि डॉक्टरांना बिब्बा घेतल्याचे न लाजता सांगा. तपासण्यांचे निम्मे काम तिथेच होते.

मग गोडंबी? खा. पण अखंड, स्वच्छ, फिकट रंगाचे दाणे पाहून घ्या. काळे डाग, कवचाचे तुकडे, चिकटपणा दिसला तर ती बाजूला ठेवा. १९८२ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात मुलांच्या बेसबॉल मंडळाने निधीसाठी काजूची पाकिटे विकली. त्यात कवचाचे तुकडे राहिले होते आणि ५४ जणांच्या अंगावर पुरळ उठले. काजू यंत्रावर सोलला जातो तरी असे होते, गोडंबी तर दगडावर फोडली जाते. घरी बिब्बे आणून स्वतः फोडण्याचा खटाटोप करू नका. काजू किंवा पिस्ता सोसत नसेल त्यांनी गोडंबी टाळावी, एकाच कुळातली आहे. ज्यांना पूर्वी कधी बिब्बा उतला आहे त्यांनीही. लाडवात गोडंबी नसली म्हणून बाळंतिणीचे काही अडत नाही, शेंगदाणे आणि तीळ आहेतच.

आणि बिब्बा लागलाच तर पहिले काम साबण आणि भरपूर पाणी, जितक्या लवकर तितके चांगले. नखांखालून धुवा, कपडे बदला, ते वेगळे धुवा. तोवर डोळ्यांना हात लावू नका. फोड फोडू नका, चुना, हळद, टूथपेस्ट काही नको. उतल्यावर खोबरे आणि तीळ खायला देण्याची पद्धत आहे, त्याने नुकसान नाही, पण तेवढ्यावर भागवू नका. चेहरा, डोळे, जननेंद्रिये यांवर लागला असेल किंवा चट्टे पसरत असतील तर त्याच दिवशी दाखवा. दुकानातून स्वतःच स्टिरॉइडचे मलम आणू नका. बिब्बे कधीही जाळू नका, होळीतसुद्धा नाही, धुरानेही डोळे आणि श्वासनलिका सुजतात.

दर शनिवारी दुकानाच्या दाराला लिंबू-मिरचीबरोबर तारेत ओवलेला जो काळा मणी असतो, तोही पुष्कळदा बिब्बाच. जुनी माळ रस्त्यावर टाकतात, ती चाकाखाली फुटते, लहान मुले मणी उचलतात. टाकायचीच तर कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाका आणि हात धुवा.